कंटेनरच्या भट्टीत वरचा माल पिवळा आणि खालचा कच्चा: तपासणी कुठून सुरू करायची

जुन्या शिपिंग कंटेनरच्या पावडर कोटिंग भट्टीबद्दल हे आहे: धातूच्या मालावर कोरडी रंगाची पावडर मारतात आणि माल भट्टीत तापवून ती शिजवतात. नीट शिजली नाही तो माल कच्चा. आधी लक्षणं सांगतो. यातली दोन-तीन जरी तुमच्या भट्टीशी जुळली, तरी पुढचं वाचा.

एकच ट्रॉली, एकच डबा पावडर, एकच वेळ. तरी वरच्या हुकाचा पांढरा माल दुधी-पिवळट येतो आणि खालच्या हुकाची पट्टी वाकवली की रंगाची पपडी उडते. दाराजवळच्या मालावर थिनरचं फडकं फिरवलं तर फडकं रंगतं, मागच्या मालावर मात्र काही होत नाही. एकाच जॉबची, म्हणजे एकाच नगाची, एक बाजू चकचकीत, दुसरी मंद. भट्टी पूर्वी पाऊण तासात तापायची, आता सव्वा तास घेते. तापमानाच्या कंट्रोलरवर २०० अंशांचा आकडा एकदम स्थिर. आणि ज्यावरून मी फोनवरच ओळखतो ते लक्षण म्हणजे मालकाने २०० चे २१० केलेले असतात, मग २२०, आणि तरीही खालचा माल कच्चाच राहतो, वरचा मात्र आणखी पिवळा पडतो.

कुपवाड आणि मिरज एमआयडीसी, शिवाय पलूस-तासगाव भागात मी जुन्या शिपिंग कंटेनरच्या पावडर कोटिंग भट्ट्या बनवतो, आणि दुसऱ्यांनी बनवलेल्या दुरुस्तही करतो. दुरुस्तीला गेलो की दहातल्या सात-आठ ठिकाणी हीच तक्रार असते. वीस फुटी कंटेनर आतून साधारण ५.९ मीटर लांब, २.३५ मीटर रुंद आणि २.३९ मीटर उंच असतो. तयार पेटी, तयार दारं, मजबूत चौकट, म्हणून माणसं भट्टीसाठी तो घेतात, आणि त्यात चूक काहीच नाही. पण ही पेटी माल वाहण्यासाठी बनवलेली आहे, हवा फिरवण्यासाठी नाही. लांब आणि अरुंद बोगद्यात गरम हवा आपोआप सगळीकडे पोचत नाही. ती वर जाऊन बसते.

म्हणून पहिली विनंती: आकडा वाढवू नका. कंट्रोलरवर दिसतं ते तुमच्या मालाचं तापमान नव्हे, सेन्सरच्या टोकाभोवती जी वीतभर हवा आहे तिचं आहे. हवा नीट फिरत नसेल तर जास्तीची उष्णता जिथे आधीच जास्त आहे तिथेच जाते.

खडू आणि थिनर

यात खर्च नाही, म्हणून सुरुवात इथून. ट्रॉलीवरच्या प्रत्येक हुकाला खडूने नंबर घाला. एक पूर्ण बॅच काढा, माल गार होऊ द्या आणि प्रत्येक नंबरचा जॉब थिनरने ओल्या केलेल्या फडक्याने सारख्याच जोराने, सारख्याच वेळा घासा. एमईके (थिनरपेक्षा खात्रीचं सॉल्व्हंट) मिळालं तर उत्तम. हातमोजे घाला आणि हे काम भट्टीपासून लांब, मोकळ्यावर करा. रंग फडक्यावर आला किंवा पृष्ठभाग मऊ पडला तर तो हुक कच्चा. कागदावर कंटेनरचा आडवा चौकोन काढून त्यात कच्चे, बरे आणि पिवळे असे मांडा.

हा कागद निम्मं निदान करतो. वर पिवळा आणि खाली कच्चा असेल तर दोष हवेच्या फिरण्यात किंवा जमिनीत आहे. दाराकडे कच्चा आणि मागे बरा असेल तर दाराच्या फटी बघा. डावी बाजू बरी आणि उजवी कच्ची असेल तर उजव्या बाजूचा डक्ट, म्हणजे गरम हवा नेणारी पत्र्याची वाट, बघा. सगळा माल सारखाच कच्चा किंवा सारखाच पिवळा असेल तर हवेच्या मागे लागू नका. सेन्सर, व्होल्टेज नाहीतर वेळ चुकली आहे. फक्त पांढरा रंगच पिवळा पडतोय आणि बर्नरचा धूर थेट भट्टीच्या हवेत मिसळतोय अशी रचना असेल, तर तो पिवळेपणा जळलेल्या वायूंचाही असू शकतो. तिथे तापमान कमी करून उपयोग नाही, बर्नरवालाच लागेल.

हा कागद न करता लोक थेट हीटर बदलतात. पंधरा हजार जातात आणि दोष तिथेच.

डब्यावर लिहिलेली वेळ धातूची असते

पावडरच्या डब्यावर "२०० अंश, १० मिनिटं" असं काहीतरी असतं. ती १० मिनिटं धातू त्या तापमानाला पोचल्यानंतर सुरू होतात, दार लावल्यापासून नाही.

द्राक्षबागेत फवारणीला लागणाऱ्या ट्रॅक्टरच्या ब्लोअरच्या फ्रेमा आमच्या भागात भरपूर रंगतात. ऑक्टोबर छाटणीच्या आधी तर रांग लागते. त्या फ्रेमेला १० मिलिमीटरची प्लेट असते आणि वर १.२ मिलिमीटरचा पत्र्याचा गार्ड. मी दोन्हीला थर्मोकपल (तापमान मोजणारी दोन धातूंच्या तारांची जोडी) चिकटवून बघितलंय: गार्ड सहा-सात मिनिटांत १८० ला पोचला, प्लेटला अर्ध्या तासाच्या आसपास लागला. दोन्ही एकाच ट्रॉलीवर असतील तर एक पिवळा पडणार किंवा दुसरा कच्चा राहणार, आणि त्यात भट्टीचा काही दोष नाही. जाड आणि पातळ माल वेगळा लावा. एकाच जॉबमध्ये दोन्ही असतील तर पावडर कंपनीकडून कमी तापमानाला शिजणारी पावडर मागवा आणि वेळ जाड भागाच्या हिशेबाने धरा.

ट्रॉली भरताना दोन जॉबमध्ये हाताचा पंजा आडवा जाईल एवढी जागा हवी. माल भिंतीच्या डक्टला चिकटवून लावला तर हवेच्या फटीच बुजतात. सपाट मोठे पत्रे हवेच्या वाटेला आडवे नकोत, समांतर हवेत.

आत शिरण्याआधी

पुढच्या तपासण्यांना कंटेनरच्या आत जावं लागतं. कंटेनरची दारं बाहेरूनच बंद होतात आणि आतून उघडत नाहीत, कारण ती माणसासाठी बनवलेलीच नाहीत. म्हणून मी बनवतो त्या प्रत्येक भट्टीचे मूळ लॉकिंग रॉड काढून टाकतो आणि आतून ढकललं की उघडेल अशी कडी बसवतो. तुमच्या भट्टीला अजून ते उभे रॉड असतील तर आजच काढा. आत जाताना मेन स्विच बंद करून त्याला कुलूप घाला, किल्ली स्वतःच्या खिशात ठेवा आणि एक माणूस दारात उभा करा. त्याला दुसरं काम सांगू नका.

ब्लोअर उलटा तर फिरत नाही ना?

सगळ्यांत जास्त भट्ट्या मी या एका तपासणीवर सोडवल्या आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

छताचा किंवा भिंतीचा पात्यांचा पंखा उलटा फिरला तर हवा उलट दिशेला जाते, ते लगेच कळतं. पण भट्टीचा ब्लोअर, म्हणजे आतली हवा फिरवणारा पंखा, शंखाच्या आकाराच्या घरात असतो. तो उलटा फिरला तरी हवा त्याच तोंडातून बाहेर येते. आवाजही येतो, हात लावला तर वाराही लागतो. फक्त हवा निम्म्यावर किंवा त्याच्याही खाली येते. म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही.

कुपवाडला एका शेडमध्ये गेलो होतो. सेटिंग २२५ वर, खालच्या दोन रांगा कच्च्या, मालक नवीन हीटर बँक घ्यायच्या तयारीत. मी ब्लोअरच्या तोंडाशी सुतळीच्या चार दोऱ्या बांधल्या. भट्टी चालू केली तर दोऱ्या नुसत्या हलत होत्या, ताठ उभ्या राहत नव्हत्या. तिथल्या म्हाताऱ्या वायरमनकाकांना विचारलं, "काका, एवढ्यात लाइनचं काही काम झालतं का?" ते म्हणाले, "झालतं की. मागच्या महिन्यात केबल जळाली, नवी टाकली." केबल जोडताना दोन फेज अदलाबदल झाले होते, म्हणून मोटर उलटी फिरत होती. मोटरच्या टर्मिनलवर दोन वायरी बदलल्या, भट्टी चालू केली आणि दोऱ्या सळईसारख्या आडव्या झाल्या. दुसऱ्या दिवशी २०० वर सगळी ट्रॉली एकसारखी निघाली.

तपासायचं असं. ब्लोअर क्षणभर चालू करून बंद करा आणि शाफ्ट थांबता-थांबता कुठल्या दिशेने फिरतोय ते बघा. घरावर बाण असेल तर त्याच्याशी जुळवा. बाण नसेल तर घराचा आकार बघा: शंख जिकडे रुंदावत तोंडापर्यंत जातो, त्याच दिशेने चाक फिरलं पाहिजे. उलटं निघालं तर तीनपैकी कुठल्याही दोन फेजच्या वायरी बदलायच्या, त्याही ब्लोअरच्या मोटरवर. मेन इनकमरला, म्हणजे शेडच्या मुख्य लाइनला, बदलल्या तर कॉम्प्रेसर आणि बाकीच्या मोटरी उलट्या होतील. ज्यांच्याकडे लाइनचं काम वारंवार होतं त्यांनी फेज क्रम उलटला की मोटर चालूच न होऊ देणारा रिले बसवून घ्यावा. एका बॅचच्या नुकसानीपेक्षा तो स्वस्त आहे.

तिथेच पट्टा दाबून बघा. सैल पट्टा घसरतो, ब्लोअरचे फेरे कमी होतात. चाकाच्या पात्यांवर पावडर आणि काजळी बसून थर झाला असेल तर तो खरवडून काढा. आणखी एक सवय मोडायला हवी: संध्याकाळी भट्टी बंद करताना ब्लोअरही लगेच बंद करायचा. हीटर बंद करून आकडा ७० च्या खाली येईपर्यंत ब्लोअर चालू ठेवा. नाहीतर साठलेली उष्णता शाफ्टमधून बेअरिंगला जाते, ग्रीस सुकतं आणि हीटरच्या कॉइलही लवकर उडतात.

सेन्सर खोटं बोलतोय का

एक पातेलं पाणी उकळा आणि सेन्सरचं टोक त्यात बुडवा, भांड्याच्या तळाला लावू नका. सांगली समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास असल्यामुळे इथे पाणी ९८ अंशांना उकळतं, १०० ला नाही. कंट्रोलरने ९६ ते १०० मध्ये काहीही दाखवलं तर सेन्सर, वायर आणि सेटिंग ठीक आहे.

भट्टीचा सेन्सर म्हणजे थर्मोकपलच, आणि के व जे हे त्याचे दोन प्रकार. ८३ च्या आसपास दाखवलं तर सेन्सर के टाइपचा आहे आणि कंट्रोलर जे टाइपवर ठेवलेला आहे. ११८ च्या जवळपास दाखवलं तर नेमकं उलट. हा घोळ नवीन कंट्रोलर बसवल्यावर फार होतो. जे सेन्सर आणि के सेटिंग असेल तर कंट्रोलर २०० दाखवत असताना हवा खरी १६० च्या आसपास असते, सगळा माल कच्चा. के सेन्सर आणि जे सेटिंग असेल तर २०० दिसत असताना आत २५० च्या पुढे गेलेलं असतं. दुसरा प्रकार आगीला आमंत्रण आहे, म्हणून ही तपासणी टाळू नका.

मग वायर बघा. सेन्सरच्या डोक्यापासून पॅनेलपर्यंत कॉम्पेन्सेटिंग केबलच (सेन्सरच्या प्रकाराशी जुळणाऱ्या धातूची) लागते, साधी तांब्याची वायर चालत नाही. सेन्सरचं डोकं गरम भिंतीपाशी ६० अंशांवर असेल आणि पॅनेल ३५ वर असेल, तर तांब्याच्या वायरीने आकडा २५ ने कमी दिसतो. भट्टी तेवढी जास्त तापते. बाजारात मिळणाऱ्या बऱ्याच केबलींना अमेरिकन रंगपद्धत असते, आणि तिच्यात लाल वायर वजा असते. आपल्या वायरमनच्या डोक्यात लाल म्हणजे अधिक. एका टोकाला उलटी लागली तर भट्टी तापताना आकडा उतरतो आणि चूक दिसते. दोन्ही टोकांना उलटी लागली तर आकडा चढतो, सगळं बरोबर वाटतं, पण वरच्याच उदाहरणात ५० ने कमी दिसतो. म्हणून रंगावर नाही, केबलवर आणि सेन्सरच्या टर्मिनलवर छापलेल्या अधिक-वजा खुणांवर विश्वास ठेवा.

उकळत्या पाण्याची परीक्षा डोकं गार असताना होते, त्यामुळे ही वायरीची चूक तिच्यात लपू शकते. भट्टी तापलेली असताना दुसऱ्या थर्मामीटरने सेन्सरशेजारची हवा मोजून ताळा घ्या.

सेन्सर कुठे आहे तेही महत्त्वाचं. ब्लोअरच्या तोंडासमोर असेल तर तो सगळ्यांत गरम हवा वाचून हीटर लवकर बंद करतो. मी तो परतीच्या हवेच्या वाटेवर, मालाच्या मधल्या उंचीला, भिंतीपासून निदान सहा इंच आत ठेवतो.

लेझरची बंदूक घेऊन येतात बरेच जण. चकचकीत जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या) पत्र्यावर किंवा ॲल्युमिनियमवर ती बंदूक खूप कमी दाखवते, कारण चकचकीत पृष्ठभाग स्वतःची उष्णता कमी फेकतो आणि समोरच्या वस्तूची परावर्तित करतो. रंगवलेल्या मालावर ती बरी चालते. आतल्या भिंतीचं तापमान तिने मोजून निष्कर्ष काढू नका.

दार

कंटेनरच्या दाराला मुळात रबराचं गॅस्केट असतं. पावसासाठी ते छान आहे, पण रोजच्या २०० अंशांत ते कडक होऊन तडकतं. ते काढून काचतंतूची दोरी किंवा त्याच जातीचं गॅस्केट बसवायला हवं.

भट्टी गार असताना रात्री आत एक दिवा ठेवून दार बंद करा आणि शेडमधले दिवे मालवा. जिथून उजेडाची रेघ दिसेल तिथून हवा जाते. विजेच्या हीटरची भट्टी असेल तर पुढची परीक्षा आणखी बोलकी आहे: भट्टी चालू असताना दाराच्या सांध्याजवळून अगरबत्ती फिरवा. वरच्या सांध्यात धूर बाहेर ढकलला जातो, खालच्या सांध्यात आत ओढला जातो. चिमणीत होतं तेच इथे होतं: वरून गरम हवा निसटते आणि तिच्या जागी खालून शेडची गार हवा येते. खालचा माल कच्चा राहण्याचं कारण त्या एका ओळीत दिसतं. पावडर मारायच्या बूथजवळ किंवा गॅसच्या भट्टीला अगरबत्ती पेटवायची नाही. तिथे पातळ कागदाची पट्टी लटकवून बघा.

एक्झॉस्टची चिमणी पूर्ण उघडी ठेवली असेल तरी हाच परिणाम होतो, ती बाहेर टाकते तेवढी गार हवा दाराच्या खालून आत येते. पण ती पूर्ण बंदही करायची नाही, शिजताना पावडरमधून निघणारी वाफ बाहेर जायलाच हवी. आणि बर्नर असेल तर डॅम्परला (चिमणीच्या झडपेला) हातच लावायचा नाही, तो बर्नरवाल्याने लावून दिलेला असतो.

हीटर आणि व्होल्टेज

इथून पुढे परवानाधारक वायरमन सोबत हवा. पॅनेल उघडून टोंग टेस्टरने (वायरीभोवती अडकवून करंट मोजणाऱ्या चिमट्याने) तिन्ही फेज मोजायला सांगा. १८ किलोवॅटच्या बँकेला ४१५ व्होल्टवर प्रत्येक फेजला २५ अँपिअरच्या आसपास यायला हवेत. डेल्टा जोडणीत (तीन कॉइल त्रिकोणात जोडलेल्या असतात) एक कॉइल उडाली असेल तर एका फेजला २५ च राहतात आणि उरलेल्या दोघांना साडेचौदाच्या आसपास येतात. एकच फेज बघून "हीटर ठीक आहे" म्हणणारे इथे फसतात.

व्होल्टेजही त्याच वेळी लिहून घ्या, भट्टी भरलेली असताना. हीटरची ताकद व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे घटते. ४१५ चे ३७० झाले तर ताकद २० टक्क्यांनी कमी होते. पाऊण तासाचा सव्वा तास अनेकदा इथेच गेलेला असतो. कॉन्टॅक्टरच्या (हीटर चालू-बंद करणाऱ्या स्विचच्या) टर्मिनलवर काळं पडलं असेल, प्लास्टिकचा वास येत असेल तर मोजमाप थांबवा, मेन बंद करा आणि आधी ते बदलून घ्या.

हवा मोजून वाटणं

इथवर सगळं ठीक निघालं आणि कागदावरचा नकाशा बदलला नाही, तर हवेची वाटणी करावी लागते. चार तोंडांचा के टाइप थर्मामीटर आणि काचतंतूचं आवरण असलेल्या चार लांब वायरी घ्या. प्लास्टिकच्या आवरणाची वायर आत वितळते. चार सारख्या पट्ट्यांना, रंगवलेल्या, टोकं नट-बोल्टने घट्ट आवळा. एक पट्टी दाराशी वर, एक दाराशी खाली, एक मागे वर, एक मागे खाली. दर दोन मिनिटांनी चारही आकडे लिहा.

आधी मूळ रचना तपासा. काहींनी गरम हवा छतालगत सोडलेली असते आणि परतीची खिडकीही छतालगतच ठेवलेली असते. ती हवा वरच्या वर फिरते, खाली उतरतच नाही. पुरवठा दोन्ही भिंतींच्या तळाशी आणि परतीचा वरून, अशी रचना असेल तर कंटेनरमध्ये ती चांगली चालते.

मग फटी. लोकांना वाटतं ब्लोअरजवळच्या फटीतून जास्त हवा येत असणार. आखूड आणि वेगवान डक्टमध्ये बहुतेक वेळा उलटं असतं: हवा जवळच्या फटींसमोरून सुसाट निघून जाते, टोकाला आपटते, तिथे तिचा दाब वाढतो आणि शेवटच्या फटीतून सगळ्यांत जास्त येते. म्हणून अंदाजाने फटी बुजवू नका, आकडे सांगतील तसं करा. फटींवर जीआयच्या सरकत्या पट्ट्या स्क्रूने बसवा, एका वेळी एकच बाजू बदला आणि पुन्हा पूर्ण बॅच मोजा. मला यात साधारण दोन दिवस लागतात. मोजायच्या चार पट्ट्यांचं तापमान स्थिर झाल्यावर चारही आकडे १० अंशांच्या आत आले की मी थांबतो. त्याहून बारीक मागे लागायची पावडर कोटिंगला गरज नसते.

भिंती, जमीन आणि पुराचं पाणी

शेवटी उरतं ते सगळ्यांत महागडं, कारण पत्रा उचकटावा लागतो.

कंटेनर बाहेरून चाचपडा, भट्टी तासभर चाललेली असताना. भिंत कोमट असावी. ठरावीक अंतरावर उभे गरम पट्टे लागले तर आतला पत्रा आणि बाहेरची भिंत यांना जोडणारे चॅनेल थेट वेल्ड केलेले आहेत, आणि उष्णता त्यातून बाहेर चालली आहे. मधे उष्णतारोधक बोर्डाचे तुकडे घालून सांधा तोडावा लागतो. खालचा हातभर भाग गरम आणि वरचा कोमट असेल तर खालच्या भागातलं रॉकवूल (भिंतीत भरलेली उष्णतारोधक दगडी लोकर) निकामी झालंय.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली होती, जिथे धोक्याची पातळी ४५ आहे. नदीकडच्या एका शेडमधली भट्टी तेव्हा कमरेइतकी बुडाली. मालकाने चिखल धुतला, हीटर सुकवले, भट्टी चालू केली. दोन वर्षांनी मी पत्रा उघडला तेव्हा खालच्या अडीच फुटांत रॉकवूल नव्हतंच, गाळ चिकटून घट्ट झालेला एक गठ्ठा तळाशी होता आणि वर नुसती पोकळी. दोन वर्षं खालच्या रांगेचा माल कच्चा येत होता आणि तो माणूस पावडरवाल्याशी भांडत होता. पुरात बुडालेल्या भट्टीचं खालचं वूल काढूनच टाका. आणि हीटर-मोटरची मेगर चाचणी (वीज बाहेर गळत नाही ना ते बघणारी) झाल्याशिवाय वीज जोडू नका.

जमीन हा वेगळा विषय आहे आणि तो मी आग्रहाने सांगतो. कंटेनरला तळाशी साधारण २८ मिलिमीटरचं प्लायवूड असतं, आणि बहुतेकदा त्याला कीटकनाशक पाजलेलं असतं. दारावरच्या धातूच्या पाटीवर लाकडाच्या प्रक्रियेची नोंद असते, ती वाचा. वरून पत्रा मारून ते तसंच ठेवलेल्या भट्ट्या मी पाहिल्या आहेत. लाकूड महिनोन्‌महिने तापत राहिलं की आतून कोळसत जातं आणि मग पूर्वीपेक्षा कमी तापमानाला पेटतं. भट्टीत जळक्या लाकडाचा वास येत असेल तर त्या दिवसापासून भट्टी बंद. प्लायवूड पूर्ण काढून, खाली रॉकवूल आणि वर जाड पत्रा, एवढंच त्यावर उत्तर आहे. खालचा गारवाही त्यानेच जातो.

तापताना "टण्ण" आवाज येऊन आतला पत्रा फुगत असेल तर तो चारही बाजूंनी पक्का वेल्ड केलेला आहे. सहा मीटर लोखंड ३० वरून २१० ला गेलं की साधारण चार सूत (अर्धा इंच) वाढतं. त्याला सरकायला लांबट भोकं हवीत, नाहीतर तो फुगतो, डक्टच्या फटी दाबतो आणि सांधे उघडतो.

कुठे थांबायचं

हीटरच्या भट्टीत वर लिहिलेलं बरंचसं तुम्ही आणि तुमचा वायरमन मिळून करू शकता. पुढच्या गोष्टी नाही.

कंटेनरच्या कोपऱ्याचे खांब किंवा वरच्या-खालच्या कडा कापायच्या असतील तर स्ट्रक्चरच्या माणसाला विचारल्याशिवाय गॅस कटर लावू नका, सगळं वजन त्यांच्यावर असतं. ब्लोअर बंद पडला तर हीटर आपोआप बंद व्हायला हवा, आणि मुख्य कंट्रोलर बिघडला तर वेगळ्या सेन्सरवरच्या दुसऱ्या कटआउटने हीटरची वीज तोडायला हवी. हे दोन्ही तुमच्या पॅनेलमध्ये नसतील तर पॅनेल बनवणाऱ्याकडून बसवून घेईपर्यंत माणसाशिवाय भट्टी चालू ठेवू नका. अंगाला झिणझिणी आली तर मेन बंद करून अर्थिंग तपासून घ्या. ब्रेकर पुन्हा-पुन्हा पडत असेल तर मोठा ब्रेकर टाकू नका.

एलपीजी किंवा डिझेल बर्नरची भट्टी असेल तर बर्नर, गॅसची लाइन, ज्योत ओळखणारा सेन्सर आणि पेटण्याआधी जुनी हवा बाहेर टाकायचा वेळ, यातल्या कशालाही हात लावू नका. ज्योत वारंवार विझते म्हणून ज्योतीचा सेन्सर तार मारून बाद केलेला आणि तसाच चालू ठेवलेला बर्नर मी एकदा पाहिला. त्या दिवशी मी तिथलं काम हातात घेतलं नाही, आधी बर्नरवाल्याला बोलावून घेतलं. कंटेनरची पेटी इतकी मजबूत असते की आत गॅस साठून भडका झाला तर त्याला निघायला वाट फक्त दाराची, आणि दारासमोर तुमचा माणूस ट्रॉली घेऊन उभा असतो.

गॅसचा वास आला तर सिलेंडरचा व्हॉल्व्ह बंद करा. ब्लोअरचं, दिव्याचं, कसलंच बटण दाबू नका, चालू करायलाही नाही आणि बंद करायलाही नाही. माणसांना शेडबाहेर काढा आणि फोन बाहेर, लांब जाऊन करा.